आमची वाटचाल : महाराज दोनदा का म्हणत्यात?

आमच्या साउंडच्या धंद्याची सुरुवात वडिलांनी केली. दोन भोंगे, एक अहुजाचा अँप्लिफायर आणि भाड्याची हातगाडी. लग्न असो, सप्ताह असो, गणपती असो, सामान तेवढंच. आवाज ओढ्यापलीकडे गेला की गिऱ्हाईक खूश. मीही तेच शिकलो.

पुढे भोंगे जाऊन स्पीकरचे बॉक्स आले, आणि एका हरिनाम सप्ताहात माझी जिरली. मंडप लांबलचक, म्हणून स्टेजपासून ३० मीटरवर आणखी दोन बॉक्स टांगले होते. कीर्तन रंगात आलं तेव्हा मागच्या एका आजीने खुणेने बोलावलं. "महाराज एकेक शब्द दोनदा का रे म्हणत्यात?"

आजी बरोबर होती. तारेतून सिग्नल मागच्या बॉक्सला क्षणात पोचतो. पुढचा आवाज मात्र हवेतून येतो, सेकंदाला साधारण ३४५ मीटरने. म्हणजे ३० मीटरला ८७ मिलिसेकंद उशीर. कानाला दोन आवाज सुटे ऐकू यायला तेवढं पुरतं. त्या हंगामाच्या पैशातून आवाज मुद्दाम उशिरा सोडता येणारा जुना डिजिटल प्रोसेसर घेतला. आता मागच्या बॉक्सला ८७ आणि वर दहाएक मिलिसेकंद डिले, म्हणजे उशीर, देतो. पुढचा आवाज आधी पोचला की माणसाला वाटतं, महाराज समोरूनच बोलतायत.

दुसरा धडा पखवाजाने दिला. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा मंडपाच्या मधोमध गायब, बाजूला मात्र ठणठणीत. बेस वाढवून वाढवून मी दमलो. शेवटी एका बॉक्सची लाल-काळी तार उलटी निघाली. एका स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, बाहेर यायचा तेव्हा दुसऱ्याचा आत जायचा. तेव्हापासून दुरुस्तीहून आलेल्या प्रत्येक वूफरला, म्हणजे बेसच्या स्पीकरला, आधी पेन्सिल सेल टेकवतो. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे.

माइकच्या शिट्टीचं म्हणाल तर, माइक हळूहळू वाढवायचा, शिट्टी येईल त्या सुराची पट्टी इक्वलायझरवर (वेगवेगळे सूर कमीजास्त करायच्या यंत्रावर) शोधून तीनेक डेसिबल खाली घ्यायची. वर ढकलायचा मोह आजही होतो, खोटं कशाला बोलू. आणि रिकाम्या मंडपातल्या सेटिंगवर विसंबायचं नाही. माणसं भरली की ती वरचे सूर पिऊन टाकतात.

आता मुलगा आवाज मोजायचा मेजरमेंट माइक आणि लॅपटॉप घेऊन येतो, पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला तपासणीचा खरखराट, सोडतो. पत्र्यावर पाऊस पडावा तसा तो आवाज. परवा आचारी पळीसकट धावत आला, "मशीन जळालं का ओ तुमचं?"