चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात, तर तो गुन्हा धरत नाहीत. दंड भरा, लायसन्स काही महिने जमा करा, सुटलात. बाकीच्या बहुतेक राज्यांत असं नाही. चौथ्यांदा सापडणाऱ्याला सरसकट गंभीर गुन्हेगार धरायलासुद्धा इथे २०१७ उजाडलं! आणि आईबाप शेजारी बसलेले असतील, तर २१ च्या आतलं पोरगं बारमध्ये राजरोस बिअर पिऊ शकतं. हे ऐकून सावंतवाडीतल्या आमच्या मामांनी कपाळाला हात लावला.

कायदा कडक करायची विधेयकं इथेही येतात. पण आली की तुरुंग खातं, सरकारी वकील, गरीब आरोपींना वकील पुरवणारं कार्यालय, सगळे आपापल्या खर्चाचा अंदाज लिहून देतात. कोठड्या किती वाढतील, खटले कोण चालवणार. आकडा बघून आमदारांचा उत्साह मावळतो. दारूधंद्याचं वजन आहेच, पण खर्चाचं कारण पुढे करायला जास्त सभ्य दिसतं.

वॉशिंग्टनने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारने, मात्र पैशाचाच चाप लावला होता. १९८४ च्या कायद्याने राज्यांना सांगितलं, दारूचं वय २१ करा, नाहीतर महामार्गाच्या निधीत कपात. साउथ डकोटा कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात हरलं. विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा वय १९ होतं; १९८६ मध्ये मुकाट्याने २१ झालं.

मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे कायदो झालो, पण पोलीस खंय असत?" खरंच आहे. आपल्याकडे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या निम्म्याहून कमी. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कागदावर आपण कितीतरी कडक. पण मोटार वाहन कायदा असंही म्हणतो, की अटक केल्यावर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर माणसाला सोडावं लागतं. आषाढातल्या रात्री आंबोली घाटात कुणाला पकडलं, तर गाडी, हवालदार आणि जागा असलेला डॉक्टर, तिन्ही दोन तासांत जमवून दाखवा. वयाचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५, पण बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यात १८. स्कूटीला पेट्रोल असलं की झालं.

इथली एक गोष्ट मला पटली. पहिल्यांदा सापडलेल्याला दंड १५० ते ३०० डॉलर, आणि वर अधिभार ४३५ डॉलर! त्यातला मोठा वाटा जिल्ह्याकडे जातो, पिणाऱ्यांच्या तपासणी-उपचारांसाठी. गाडीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र कोर्टाने बसवायला लावलं, तर त्याचे पैसेही सहसा त्यानेच भरायचे. आपल्या दहा हजारांतले चार पैसे तरी ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रपाळीसाठी बाजूला काढता येतील का, हे पुढच्या वेळी मतं मागायला येतील त्यांना विचारा.