दुसरा खर्डा

गेल्या रविवारी माझ्या कादंबरीचा दुसरा खर्डा पुरा झाला. नाशिकरोडला बिटको चौकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ३१२ पानं छापून, स्पायरल करून आणली आणि घरात शिरल्याबरोबर देवापुढे ठेवली. सगळं धरून चार वर्षं लागली. वयाची पंचेचाळिशी याच वर्षी पार केली, लेक इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि तिचं अभ्यासाचं टेबल माझं झालं. पहिल्यांदाच लिहायला माझी स्वतःची जागा मिळाली.

कादंबरी एका तांबट घराची, तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्यांची आहे. आईचं माहेर जुन्या नाशकातलं, तांबट आळीतलं. सुट्टीत आजोळी गेलं की ठोक्यांच्या आवाजानेच जाग यायची. गोष्ट १९६९ च्या पुराभोवती फिरते. गंगापूर धरण होऊन चार वर्षं झालेली, आता गोदामाईला आवर बसला असं घरातली म्हातारी सांगत असते. भांडी बाजारात स्टील यायला लागलंय, तांब्यापितळेचं गिऱ्हाईक आटतंय. गोदेच्या पात्रातल्या, ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं अशा बातम्या येत राहतात आणि घरातला कर्ता माणूस दुकानातला माल हलवायला तयार होत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये भांडी बाजारात शिरलेलं पाणी मी पाहिलंय, उतरल्यावरचा गाळही पाहिलाय. त्या गाळाचा वास लिहायचाच, हे तेव्हाच मनाशी ठरलं होतं.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. पहाटे साडेचार ते सहा एवढा वेळ माझा, त्यात रोज तीनशे शब्द असा नेम धरला. दीड वर्षात सत्तर हजार शब्द झाले. एका प्रकाशनाकडे पाठवले. आठ महिने वाट पाहिली, उत्तर आलं नाही. मग स्वतःच पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि पन्नासाव्या पानावर वही मिटून रडले. वर्णनं होती, नदी होती, घाट होता. माणसं बोलतच नव्हती. माझा तांबट तीन-तीन पानं नुसता घागर ठोकत होता.

त्यानंतर चार महिने एक ओळ लिहिली नाही.

शेवटी मामाच्या ओळखीने आळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांकडे गेले. घागर ठोकतानाचं ते प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ताई, तुमचा माणूस भट्टीवर कधी जातो?" मला काही कळेना. ते म्हणाले, "तांबं ठोकून ठोकून कडक होतं. तसंच मारत राहिलात तर चिरतं. मधूनमधून तापवून लाल करायचं, गार करायचं, मग ते पुन्हा मऊ पडतं. एका घागरीला असं किती वेळा करावं लागतं! तुमच्या माणसाने पहिल्याच पानावर घागर फाडली असती."

मग त्यांनी करूनच दाखवलं. लोखंडी दांड्यावर अर्धी झालेली घागर अडकवली, हातोडीने ठोकून मठारायला लागले. घाव एकाशेजारी एक, डोळ्यांनी न मोजता सारख्या अंतरावर पडत होते. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. समोर बसलेला त्यांचा मुलगा खुणेनेच पक्कड मागत होता. थोड्या वेळाने घागर भट्टीत गेली, आवाज थांबला, आणि सगळं घर एकदम बोलायला लागलं. सुनेने आतून विचारलं, दूध घ्यायला कोण जातंय. मुलाने कोणाच्या तरी उधारीचा विषय काढला. म्हाताऱ्या काकांनी मला माझ्या आजोबांची आठवण सांगितली. तांबं लाल झालं, चिमट्याने उचलून पाण्यात गेलं, चर्रर्र आवाज आला, पुन्हा ठोके सुरू. उधारीचं बोलणं अर्धंच राहिलं.

माझी माणसं कुठे बोलणार ते मला तिथे बसल्याबसल्या दिसलं. या घरातली भांडणं, लग्नाच्या गोष्टी, दुकान विकायचा विषय, सगळं भट्टीच्या त्या पाच-दहा मिनिटांत व्हायला हवं, आणि बरंचसं अर्ध्यावर तुटायला हवं. घरी येऊन त्याच रात्री पहिलं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं.

दुसरी वाट वाचनाने दाखवली. या वर्षात मी मुद्दाम कष्टकरी घरांच्या कादंबऱ्या वाचल्या. उद्धव शेळक्यांची 'धग' दुसऱ्यांदा वाचली आणि त्यानंतर रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा'. दोन्ही घरं शिंप्यांची. 'पाचोळा'त सगळं शिंप्याची बायको पारबती सांगते, तिच्या बोलीत. ती वाचून संपली तेव्हा मला कळून चुकलं की माझी गोष्टही तांबटाच्या बायकोनेच सांगायला हवी. भट्टीजवळचं प्रत्येक बोलणं तिच्याच कानावर पडतं. मी जेलरोडला राहते, बस रोज कारागृहाजवळून जाते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून काढली. मन आधीच भरून आलेलं असेल तर तसंही होत असणार. माझ्या बाईचा आवाज सापडल्यावर मलाही एका आठवड्यात चाळीस पानं लिहिता आली होती, तोपर्यंत महिन्याला तेवढी होत नव्हती.

मार्चमध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. खर्डा घरी आल्यावर तिने नव्या चष्म्याने स्पायरल हातात घेतली. दोन दिवस दुपारची झोप सोडून वाचत होती. मध्येच पेन्सिल मागितली. मी धास्तावले, काही बोलले नाही.

संध्याकाळी मला बोलावून म्हणाली, "सगळं बरोबर आहे गं. पण ही बाई नवऱ्याचं नाव घेते. त्या वेळी आमच्यात कोण घ्यायचं? माझ्या आईने मरेपर्यंत वडिलांचं नाव घेतलं नाही, उखाण्यात सोडून." तिने पेन्सिलीने प्रत्येक 'विठ्ठल'खाली रेघ ओढली होती.

बायकोच्या तोंडी गोष्ट दिली तेव्हा जुन्या खर्ड्यातली नावं तशीच राहिली होती. कॉम्प्युटरवर शोधलं, २१४ ठिकाणी निघाली. काल पहाटेपासून एकेक काढतेय. कुठे 'हे', कुठे 'आमच्याकडचे', कुठे 'बाळूचे बाबा'. नाव निघालं की पुढचं सगळं वाक्य बदलावं लागतं, म्हणून वेळ लागतोय.

आज सकाळी पुराच्या रात्रीवर पोचले. पाणी उंबऱ्याच्या आत आलंय, तो दुकानात अडकलाय, आणि ती अंधारात माडीच्या खिडकीतून त्याला नावाने हाक मारते. आईने त्या पानावरही रेघ ओढली होती आणि मग खोडरबराने पुसली होती. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "तिथलं राहू दे."