चालढकलीचे कष्ट

चालढकल करणाऱ्याला आळशी म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आळशी माणूस निवांत असतो. काम पडलंय हे त्याला ठाऊक असतं आणि त्याचं काही वाटत नसतं. चालढकल करणाऱ्याच्या नशिबी एवढं सुख कुठलं!

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला बसलेला माणूस बघा. आधी तो टेबल आवरतो. मग ड्रॉवर. त्यात सापडलेली पेनं चालतात का, ते एकेक करून कागदाच्या कोपऱ्यावर गिरवून पाहतो आणि न चालणारी पुन्हा ड्रॉवरमध्येच ठेवतो. मग फाइल उघडून फॉन्ट बदलतो, समास कमीजास्त करतो. वर्षभर रखडलेले सगळे फोन त्याच दिवशी करतो. संध्याकाळपर्यंत खोली लख्ख, नातेवाईक खूश, आणि प्रकरण जिथल्या तिथे. दिवसभर राबून तो दमलेलाही असतो, त्यामुळे आता बसण्यात अर्थ नाही, असंही त्याला मनापासून वाटतं.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात टिमोथी पिचिल यांनी वर्षानुवर्षं याच विषयावर संशोधन केलं. त्यांचं म्हणणं असं की हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही, तो मनःस्थितीचा आहे. काम समोर आलं की पोटात बारीक गोळा येतो: जमेल का, लोक हसतील का, आपण समजतो तेवढे हुशार नसलो तर? तो गोळा नको म्हणून काम नको. काम बाजूला सारलं की लगेच हायसं वाटतं, आणि ही सुटका इतकी रोख असते की पुढच्या वेळी हात आपोआप तिकडेच वळतो. मला हे पटतं. नाहीतर सगळ्यात जवळची, सगळ्यात हौसेची कामंच सर्वांत जास्त का रखडली असती? विजेचं बिल भरताना कुणाची प्रतिष्ठा पणाला लागत नाही.

वेळापत्रक हा टाळण्याचा सगळ्यात देखणा प्रकार. ते आखताना काम केल्याचं पूर्ण समाधान मिळतं, तेही काम न करता. रंगीत पेनं निघतात, व्यायामाला हिरवा, वाचनाला निळा. पहाटे पाच ते सहा धावणे. पण हे लिहिणारा माणूस रात्रीचा असतो, पोट भरलेला, उमेदीतला. पाळायचं असतं सकाळच्या माणसाने, आणि त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराने हे नीट ओळखलं होतं. पोस्टखात्यातली नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहायला बसे, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द या हिशेबाने. अशा ४७ कादंबऱ्या झाल्या. पण मला त्याच्या शिस्तीपेक्षा दुसरीच गोष्ट आवडते. पहाटे उठवायला त्याने जुन्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा लावून दिले होते. शब्दांचा कोटा पाळणाऱ्या या माणसानेही उठण्याचं काम स्वतःच्या निर्धारावर सोडलं नव्हतं. पुढे १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, आत्मचरित्रातून हा घड्याळी हिशेब बाहेर आला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. कलावंत म्हणजे कसा, अस्वस्थ येरझाऱ्या घालणारा हवा!

सवयीच्या बाबतीत २१ दिवसांचा मंत्र सगळीकडे ऐकू येतो. त्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडे जातं. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. त्यातला 'किमान' वाटेत गळाला आणि नाकाचं निरीक्षण धावण्याला लागू झालं. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं. २०१० साली छापलेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ साधारण ६६ दिवस निघाला. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेबाने २५४. म्हणजे बाविसाव्या दिवशीही पांघरूण सोडवत नसेल, तर बिघाड तुमच्यात नाही, मंत्रात आहे.

त्याच अभ्यासातली एक बारीक नोंद मात्र फारशी कुणी सांगत नाही. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. ही खरी दिलासा देणारी बातमी, पण आपल्या स्वभावाला ती मानवत नाही. बुधवारी धावणं चुकलं तर गुरुवार रिकामाच असतो. बूट दाराशी असतात, पायही तेच असतात. पण साखळी तुटली ना! आता सुरुवात करायची ती नव्याने, व्यवस्थित, आणि त्याला सोमवारच लागतो. जमल्यास एक तारखेचा.