उष्णताकिरण आणि त्याची सावली

विज्ञानकथांवर बोलण्यासाठी मी महाविद्यालयांत जातो, तेव्हा भाषण संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो: परग्रहवासीयांच्या हाती लेखकांनी आजवर इतकी शस्त्रे दिली, त्यांपैकी तुम्हाला खरोखर पटलेले शस्त्र कोणते? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो. माझे उत्तर इतक्या वर्षांत बदललेले नाही. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतील मंगळवासीयांचा उष्णताकिरण, हे ते शस्त्र. ही कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली.

हे शस्त्र नेमके कसे चालते याचा उलगडा अद्याप झालेला नाही, असे निवेदक आधीच सांगून टाकतो. तर्क मात्र आहे. उष्णतेचे वहन जवळजवळ होऊच न देणाऱ्या एका कक्षात मंगळवासी प्रचंड उष्णता निर्माण करतात, आणि दीपगृहातील आरसा प्रकाशाचा झोत टाकतो त्याप्रमाणे, अज्ञात पदार्थापासून घडवलेल्या अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरशाच्या साहाय्याने ती समांतर झोताच्या रूपात हव्या त्या वस्तूवर सोडतात. झोत डोळ्यांना दिसत नाही. तो लागला की शिसे पाण्यासारखे वाहू लागते, लोखंड मऊ पडते, काच तडकून वितळते. पाण्यावर पडला तर पाण्याची तत्क्षणी वाफ होते.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, आणि मला हे पटण्याचे कारण प्रयोगशाळेतील एका जुन्या प्रयोगात आहे. धातूचे दोन अंतर्वक्र आरसे समोरासमोर ठेवायचे. एकाच्या नाभीपाशी, म्हणजे किरण जेथे एकवटतात त्या बिंदूपाशी, लालबुंद तापवलेला लोखंडी गोळा आणि दुसऱ्याच्या नाभीपाशी काजळी फासलेली आगकाडी. मुलांचे डोळे त्या लाल गोळ्यावर खिळलेले असतात, काडीकडे कोणी पाहत नाही. थोड्या वेळाने काडी भस्सकन पेटते आणि वर्ग एकदम स्तब्ध होतो, कारण गोळा आणि काडी यांच्या मधल्या जागेत कोणालाही काहीच दिसलेले नसते. त्यानंतर मी नवी काडी लावून मध्ये एक पुठ्ठा धरत असे. पुठ्ठा आहे तोवर काडी पेटत नाही. तो बाजूला केला की पेटते. अदृश्य प्रारणाचीही सावली पडते, हे मुलांना तेव्हा कळायचे.

वेल्स यांना त्या सावलीचे भान होते. इंग्लंडमधील सरे परगण्यातील हॉर्सेल कॉमन या माळरानावर मंगळावरचे पहिले नळकांडे येऊन पडते, पांढरे निशाण घेऊन काही माणसे त्या खड्ड्याकडे निघतात, आणि एकामागून एक पांढऱ्या ज्वाळांत भडकतात. पाइनची झाडे पेट घेतात, झुडपे धपकन आगीचे लोळ होतात. त्या रात्री सुमारे ४० माणसे खड्ड्याभोवती जळून पडतात. परंतु जवळच्या वोकिंग गावाकडून पाहायला आलेला जमाव वाचतो, तो केवळ रेताड मातीच्या एका उंचवट्यामुळे. झोताचा खालचा भाग त्या उंचवट्याने अडवला. आरसा काही यार्ड आणखी उंच असता, तर त्यांच्यापैकी कोणीही ही हकिकत सांगायला उरले नसते, अशी नोंद निवेदक करतो. मला या शस्त्राची खरी भीती वाटते ती या उंचवट्यापाशी. ज्याच्यापुढे काहीच टिकत नाही अशी शस्त्रे पुढच्या विज्ञानकथांत उदंड आली, पण त्यांनी माझ्या अंगावर काटा आला नाही. कारण ती कोठे थांबतात हे केवळ लेखकाच्या सोयीवर ठरते. येथे मात्र मातीचा ढिगारा कोठे आहे आणि तुम्ही कोठे उभे आहात, यावर जगणे-मरणे ठरते.

या किरणाला लेसरचे भाकीत म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर चालवला, त्याचा प्रकाश एकाच लयीत उत्सर्जित होतो. वेल्स यांचा झोत ही आरशाने एकवटलेली साधी उष्णता आहे. तिच्यातही एक अडचण आहेच. उष्णतेचा स्रोत कितीही लहान असला तरी त्याला काही आकारमान असते, त्यामुळे झोत पूर्णपणे समांतर राहू शकत नाही, दूर जाता जाता फाकतो. शिवाय लक्ष्य कधीही स्रोताहून अधिक तापू शकत नाही. म्हणजे आतला स्रोत कल्पनेपलीकडे तप्त आणि अगदी बिंदुवत हवा, आणि समोरचा आरसा त्या उष्णतेत न वितळता टिकायला हवा. नेमक्या याच दोन ठिकाणी, कक्ष आणि आरसा, वेल्स मंगळवासीयांच्या अज्ञात विद्येचा आधार घेतात. बाकी सर्वत्र ते प्रकाशाचे नियम पाळतात. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

मंगळवासीयांच्या दुसऱ्या शस्त्राविषयी, काळ्या धुराविषयी, थोडक्यात सांगतो. तो हवेहून जड असल्यामुळे वर न जाता जमिनीवर पसरतो आणि सखल भागांत साचतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर सोडलेला क्लोरीन वायू असाच जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला.

युद्ध संपल्यानंतरची एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटते. मंगळवासी मेले, त्यांची यंत्रे माणसांच्या हाती लागली, तरी उष्णताकिरणाचे कोडे सुटले नाही. ईलिंग आणि साउथ केन्सिंग्टन येथील प्रयोगशाळांत भीषण अपघात झाल्यानंतर संशोधकांना पुढे जाण्याची इच्छा उरली नाही, असे निवेदक एका वाक्यात सांगून जातो. साउथ केन्सिंग्टन हे नाव मी प्रत्येक वेळी थांबून वाचतो. वेल्स स्वतः १८८४ पासून तेथेच, जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली, विज्ञान शिकले होते.