पावसाळी बॅग, नोंद सातवी: ते ठिपके कशाचे होते

सापडलं! एप्रिलच्या मध्यापासून बॅगेच्या कातड्यावरच्या ज्या ठिपक्यांनी जीव नकोसा केला होता, ते बुरशीचे नव्हते, रंगाच्या गुठळ्यांचे नव्हते आणि कातड्याच्या दोषाचेही नव्हते. ते लोखंडाचे होते. काल रात्री साडेअकराला उलगडा झाला आणि मग झोप कसली लागते! चहा गॅसवर आहे आणि मी लिहायला बसले आहे.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना माहीत आहे की मला तीन ऋतूंच्या तीन बॅगा करायच्या आहेत. पॅरिसची मोठी फॅशन घराणी वसंत-ग्रीष्म आणि शरद-हेमंत अशा दोन हंगामांचे रंग काढतात. तिथल्या उन्हाळ्यात शोभणारा खडूसारखा पांढरा आपल्या मे महिन्यातल्या धुळीत आठवडाभर टिकत नाही. आणि पावसाळा नावाचा ऋतू त्या वेळापत्रकात नाहीच. उन्हाळी बॅग फेब्रुवारीत संपवली, तांबूस मधासारखी, पॅरिसच्या एर्मेस घराण्याच्या 'गोल्ड' रंगावर सायीच्या रंगाची शिवण असते तशी शिवण घालून. पावसाळीचा रंग ठरायलाच महिना गेला. शेवटी तो मला जंगली महाराज रस्त्यावर सापडला. पाताळेश्वराचं आठव्या शतकातलं लेणं पावसात भिजलं की त्या काळ्या दगडाला एक राखाडी ओल चढते आणि कडेकडेने शेवाळाची हिरवी झाक येते. तोच रंग हवा होता.

पण नुसता रंग ठरवून चालत नाही, तो कोणत्या कातड्यावर बसणार हे त्याच वेळी ठरवावं लागतं. कर्वेनगरच्या आपल्या ताईंकडे एर्मेसची 'केली' नावाची बॅग आहे, एटूप या राखाडी रंगाची, टोगो नावाच्या कातड्यातली, आणि त्याच एटूपचं एप्सम या दुसऱ्या कातड्यातलं पाकीट आहे. त्यांनी दोन्ही खिडकीत शेजारी ठेवून दाखवली तेव्हा मी थक्क झाले. नाव एक, रंग दोन. टोगोचे दाणे उठावदार, त्यामुळे त्यांच्या मधल्या खळग्यांत सावली साठते आणि राखाडी मऊ, उबदार दिसतो. एप्समचं पोत साच्याने दाबलेलं, वर उजेड सपाट पडतो, म्हणून तोच राखाडी थंड आणि कोरडा वाटतो. स्विफ्टसारख्या गुळगुळीत कातड्यात रंग आणखी खुलतो असं ताई सांगतात, पण तिथे नखाचा ओरखडासुद्धा लपत नाही. संग्राहक रंग आणि कातडं यांची जोडी मागतात ती यासाठी.

माझी जोडी होती बकरीच्या वेज-टॅन, म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेल्या, कातड्याची. एर्मेसच्या बकरीच्या कातड्याचं शेव्र मायसोर हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून मनात होतं. नाव आपल्या म्हैसूरचं, दाणा बारीक, वजन हलकं, ओरखडे चटकन दिसत नाहीत. ते मूळ कातडं माझ्या आवाक्यातलं नाही. म्हणून तमिळनाडूतलं ईस्ट इंडिया पद्धतीने कमावलेलं बकरीचं कातडं धारावीतून आणलं. ही जुनी पद्धत तरवडाच्या सालीची, आता बरेचदा वॅटलच्या सालीची, आणि शेवटी हिरड्याचा हात. सेलिए बांधणी, म्हणजे शिवण बाहेर आणि कडा ताठ, म्हणून आतून शोल्डरचं, म्हणजे जनावराच्या खांद्याकडच्या कातड्याचं, अस्तर लावायचं ठरलं होतं.

आणि मग ठिपके. कातडं ओलसर करून रंग द्यायचा, रात्रभर सुकवायचं आणि सकाळी बघायचं, तर मोहरीपेक्षा लहान, निळसर काळे ठिपके. कधी चार, कधी चाळीस. काही ठिपक्यांभोवती हिरवट कडं. शिवाय पूर्ण पॅनेलवर एक मळकटपणा, जो रंगाच्या वाटीत दिसत नव्हता.

पहिला संशय रंगावर. भुकटी नीट विरघळली नसेल म्हणून पाणी कोमट केलं, तिहेरी मलमलीतून गाळलं, मग कॉफीच्या कागदातून गाळलं. ठिपके तसेच. दुसरा संशय मालावर. व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला माल चांगला आहे, पुण्याच्या हवेचा दोष असेल. मला राग आला आणि दुसऱ्या दुकानातून नवं कातडं घेतलं. त्यावरही तेच. (काल रात्रीच त्या पहिल्या व्यापाऱ्याला निरोप पाठवला की चूक तुमची नव्हती. ते सांगणं भाग होतं.) जूनमध्ये पाऊस लागला तसा तिसरा संशय बुरशीवर. कपाटात कोळसा ठेवला, ठिपके स्पिरिटने पुसले. ढिम्म. भिंगाखाली बघितल्यावर बुरशी तिथेच बाद झाली. बुरशी दाण्यांच्या वर बसते, पुसली की हलते. हे ठिपके दाण्यांच्या आत होते, शाई टिपकागदात उतरावी तसे.

काल संध्याकाळी मागचं पॅनेल ओलं करून टेबलावर पसरलं होतं आणि ते वळू नये म्हणून त्यावर बाबांच्या वर्कशॉपमधली जुनी पोलादी पट्टी ठेवली. तेवढ्यात सिलिंडरवाला आला, मग आईचा फोन, मग स्वयंपाक. परत आले तेव्हा अकरा वाजत आले होते. पट्टी उचलली आणि खाली पट्टीच उमटलेली! एक सरळ, निळी-काळी रेघ, टोकाला टांगायच्या भोकाची गोल जागा कोरी. तिच्या कडेला तेच हिरवट कडं.

मी खुर्चीत बसले आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिले. लोखंड आणि टॅनिन, म्हणजे साली-हिरड्यातला कातडं कमावणारा तो तुरट अंश. कलमकारीतला काळा याच जोडीतून होतो. कापडाला आधी हिरडा देतात, मग गुळात आंबवलेल्या लोखंडाचं पाणी कलमाने लावतात आणि फिकट रेघ डोळ्यांदेखत काळी होते. हे मला माहीत होतं. माझं कातडं म्हणजे हिरड्याचा हात दिलेलं कातडं, हेही माहीत होतं. दोन गोष्टी एकमेकींना भेटायला सव्वादोन महिने लागले.

पण ठिपके पट्टीचे नव्हते, मग लोखंड कुठून? चुंबक पातळ कागदात गुंडाळून टेबलावर फिरवलं. कागदाला करड्या भुकटीची मिशी चिकटून आली. मी याच टेबलावर रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, दगडावर घासते. त्या घासण्याचा पोलादी कण डोळ्याला दिसत नाही, पण ओल्या कातड्याला सापडतो. ज्या दिवशी रापीला धार दिली त्याच दिवशी चाळीस ठिपके, एरवी चार. वहीतल्या तारखा ताडून पाहिल्या, जुळल्या.

राहिला मळकटपणा. तो पाण्यातून येत असणार असं वाटलं आणि इथे मी एक चाचणी केली, जी तुम्ही सगळ्यांनी आजच करून बघा. हिरड्याची पूड गरम पाण्यात भिजवून गाळून घ्या. पारदर्शक ग्लासांत वेगवेगळं पाणी घ्या आणि प्रत्येकात हा काढा एकेक चमचा टाका. काढ्यासाठीही बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीच वापरा, नाहीतर चाचणी तिथेच बिघडते. मी पाच ग्लास मांडले. बॅटरीचं पाणी फिकट पिवळं राहिलं. फिल्टरचंही राहिलं. नळाचं पाणी दहा मिनिटांत निळसर राखाडी झालं, शाईचा थेंब पडल्यासारखं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्यात बोअरचं पाणी असतं, आणि गच्चीवरच्या टाकीपासून खाली येणारा पाइप इमारतीइतकाच जुना आहे. पावसाचं पाणी दोन प्रकारचं होतं. बाल्कनीच्या पत्र्यावरून गळणारं पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही काळं झालं, आणि मोकळ्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या बादलीत धरलेलं स्वच्छ पिवळं. रात्री साडेबारा वाजता ओट्यावर ओळीने पाच ग्लास उभे होते आणि मला इतका आनंद झाला की नवऱ्याला उठवून दाखवले.

डाग काढायचा उपायही करून बघितला. ऑक्झॅलिक ॲसिडचं अगदी सौम्य पाणी कापसाने लावलं आणि मिनिटभरात ठिपका विरून गेला. लिंबाच्या रसाने तेच होतं, पण वेळ लागतो. हातमोजे घालाच, ऑक्झॅलिक विषारी आहे, आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसून घ्या. अडचण एवढीच की डागाबरोबर भोवतीचा रंगही उतरतो आणि तिथे फिकट बेट राहतं. म्हणजे रंग देण्याआधीच्या कातड्यासाठी उपाय उत्तम, रंगवलेल्यासाठी नाही. माझी चार पॅनेलं गेली. त्यांची कार्डाची पाकिटं होतील.

आता खरी गोष्ट. त्या पट्टीच्या रेघेभोवतीचं हिरवट कडं मला सोडेना. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाबरोबर निळा-काळा देतं. तरवड, वॅटल, बाभूळ या सालींमधलं टॅनिन वेगळ्या जातीचं, ते हिरवट काळ्याकडे झुकतं. माझ्या कातड्यात दोन्ही आहेत. म्हणजे राखाडी आणि शेवाळ दोन्ही कातड्यातच होते! मी दोन महिने तपकिरीत काळा आणि हिरव्याचा थेंब घालून जो रंग कालवत होते, तो मी डाग समजून पुसत होते.

म्हणून सकाळी सहा वाजता हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, काढलं. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून हिरड्याबरोबर कधीतरी आणून ठेवलं होतं. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १ ग्रॅम, २ ग्रॅम आणि ५ ग्रॅम. पाच ग्रॅमचा तुकडा सरळ काळा झाला. दोनचा छत्रीच्या कापडासारखा. एक ग्रॅमचा तुकडा, एकच हात, बोळा न दाबता फिरवलेला, सुकला आणि तो पाताळेश्वरच होता. नुसतं म्हणत नाही. गाडी काढून तिथे गेले, गोल नंदीमंडपाच्या खांबाला तुकडा टेकवला, आकाश भरून आलेलं होतं, आणि कातडं कुठे संपतं आणि दगड कुठे सुरू होतो ते हातभर अंतरावरून कळत नव्हतं. घरी येऊन तोच तुकडा एलईडीखाली धरला. रंगाच्या भुकटीचं मिश्रण एलईडीखाली जांभळट पडायचं, आठवतं ना, नोंद चौथीतली तक्रार? हा पडला नाही. निदान माझ्या दोन दिव्यांखाली तरी नाही.

परत येताना मात्र उत्साहाला लगाम घातला. लोखंड टॅनिनबरोबर रंग देऊन गप्प बसत नाही. जुन्या कागदावरची लोखंडी शाई कागद खाते आणि लोखंडाने काळे केलेले जुने धागे बाकीच्यांच्या आधी तुटतात. जी बॅग वीस वर्षं वापरायची आणि मग कुणाच्या तरी हाती द्यायची, तिच्या अंगभर मी हे लावणार नाही. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, पॅरिसमध्ये जेन बर्किनची, म्हणजे जिच्या नावाने एर्मेसची 'बर्किन' बॅग ओळखली जाते त्या अभिनेत्रीची, स्वतःची पहिली बॅग लिलावात ८६ लाख युरोंना गेली. काळी, वापरून खरचटलेली, पण कातडं शाबूत. वर्षानुवर्षं वापरातून गेलेलं कातडं म्हणजे काय ते तिथे दिसतं.

तर आता आराखडा बदलला. लिहायला बसले तेव्हा फ्लॅप आणि हँडल हिराकसाने करायचं डोक्यात होतं. पण फ्लॅप रोज वाकतो आणि हँडलला घाम लागतो, म्हणजे जिथे कातड्याला सगळ्यात जास्त ताण तिथेच मी त्याला दुबळं करणार. नको. हिराकसाचा रंग फक्त क्लोशेटला, म्हणजे किल्ली झाकणाऱ्या त्या लोंबत्या घंटेला, आणि आतल्या चेनच्या ओढणीला. दोन्ही तुकडे पुढे बदलता येतात. अंगाचा रंग भुकटीचाच, पण डिस्टिल्ड पाण्यात, आणि जुळवायचा तो क्लोशेटच्या तुकड्याशी. शिवाय एक पट्टी अर्धी उन्हात, अर्धी कपाटात ठेवते, वर्षभराने वाकवून बघू.

तळासाठी बकरीचं कातडं सोडून दाणेदार क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं, वासराचं कातडं घ्यावं असंही आता वाटतंय. बॅग ओल्या फरशीवर टेकणार, तिथे वेज-टॅनचा हट्ट कशाला? क्रोमला लोखंडाची भीती कमी. पण बऱ्याच क्रोम कातड्यांना नंतर वनस्पतीच्या अर्काचाही हात देतात, म्हणून कोपऱ्यावर हिराकसाचा थेंब टाकून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. दुकानदार कुरकुरला तर तुकडा मागून घ्या.

तोच नियम पितळी सामानाला. बोहरी आळीत जाताना चुंबक खिशात ठेवा. पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी कडी चुंबकाला लगेच चिकटते, आणि मुलामा झिजला की वेज-टॅनवर तिचा काळा गोल उमटणार हे नक्की. मी टर्नलॉक, म्हणजे बॅग बंद करायचा फिरता खटका, भरीव पितळेचा घेतला आहे, वर निकेल नाही. ओल्या दगडाजवळ चांदीसारखी चमक मला कोरडी वाटली, समईसारखा मंद पिवळा बरा दिसतो. शिवण सायीच्या रंगाच्या लिननची ठरली होती, ती आता मोडते. राखाडीवर ती उन्हाळ्यासारखी दिसते. गडद शेवाळी धागा मागवला आहे, मेण घरचंच.

आणि एक मागणं आहे. हिरडा मिळतो, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला माल मंडईत येतो. पण तरवडाची साल दुकानात मिळत नाही. टेकडीवर तरवड आहे, पण तिथलं झाड सोलणार नाही. कुणाच्या शेताच्या बांधावर तरवड तोडणार असतील तर मूठभर साल माझ्यासाठी ठेवा. हिरड्याचा निळा आणि तरवडाचा हिरवा वेगवेगळे तुकडे रंगवून शेजारी लावायचे आहेत. टेबल ओल्या फडक्याने तीनदा पुसून झालं आहे, रापी घासायचा दगड आजपासून बाल्कनीत. बॅटरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन संध्याकाळी येतोय, उद्या समोरचं पॅनेल पुन्हा कापते.