तुम्ही विचारलंत म्हणून : बदलापूरला घर घ्यावे का?

बँकेच्या गृहकर्ज विभागात माझी नोकरी झाली आणि १९९६ पासून मी बदलापुरात राहतो. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, गाडीत, एकदा तर स्मशानातसुद्धा मला हाच प्रश्न विचारला गेला आहे : "मुलासाठी बदलापूरला फ्लॅट बघतोय, घ्यावा का?" बहुतेक वेळा मी "हवा चांगली आहे" एवढे बोलून सुटका करून घेतो. तुम्ही दोनदा विचारलेत, म्हणून लिहूनच देतो.

आपण ज्याला बदलापूर स्टेशन म्हणतो ते खरे तर कुळगावात आहे. मूळ बदलापूर गाव पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, तरी त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे इथे भातखाचरे आणि जांभळाची झाडेच होती. (पुढे त्या झाडांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि मग बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले.) १९८३ साली हा भाग कल्याण महापालिकेत घातला गेला, १९९२ साली बाहेर काढला गेला आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचा कारभार स्वतंत्र झाला. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतरची जनगणना लांबत गेली, पण सकाळी फलाटावर उभे राहिले की आकड्याची गरज भासत नाही.

ही वाढ इथे कारखाने किंवा कचेऱ्या आल्यामुळे झालेली नाही. दादर-परळच्या चाळीतला माणूस डोंबिवलीला गेला, डोंबिवली आवाक्याबाहेर गेल्यावर त्याचा मुलगा अंबरनाथपर्यंत सरकला, आणि अंबरनाथचे भाव चढले तेव्हा बदलापूरची पाळी आली. आता आमच्या इमारतीतली मुले वांगणी आणि नेरळच्या जाहिराती पाहतात. कर्जाच्या अर्जांमध्ये मला हे स्पष्ट दिसत असे : पगार तोच, मागणी तीच, फक्त पत्त्यातले स्टेशन दर चार-पाच वर्षांनी पुढे सरकलेले. इथल्या घराची किंमत ठरते ती स्टेशन किती मिनिटांवर आहे यावर, बांधकाम कसे आहे हे त्यानंतर पाहिले जाते.

अशा उपनगरात घर आधी येते आणि शहर मागाहून येते. शेतजमीन बिगरशेती होते, जोते बांधून होण्याच्या आतच निम्म्या सदनिकांची नोंदणी झालेली असते आणि दोन-तीन वर्षांत माणसे राहायला येतात. जलवाहिनी, गटार, रस्ता आणि शाळा यांना पैसा लागतो. परवानगीच्या वेळी मिळणारे विकास शुल्क त्याला पुरत नाही आणि मालमत्ता कर तर माणसे राहायला आल्यावरच सुरू होतो. म्हणजे ज्यांनी पाण्याविना दिवस काढले त्यांच्याच करातून पुढे त्यांच्या दारात नळ येतो. यात कोणाचा विशेष दुष्टपणा असतो असे मला वाटत नाही. व्यवहाराचा क्रमच तसा लागलेला आहे, आणि सुरुवातीला येणारे तो क्रम स्वतःच्या अंगावर झेलतात.

आम्ही तो सहा उन्हाळे झेलला. टँकर रात्री दोन-तीनच्या सुमारास येई आणि सोसायटीचा चिटणीस या नात्याने मला खाली उतरावे लागे. टँकरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकत वरपासून खाली यायचे. आवाज पोकळ असेपर्यंत टाकी रिकामी आणि जिथे तो बद्द होतो तिथून पाणी, हे मला एका चालकानेच शिकवले. दुसऱ्या फेरीपासून तो स्वतः अर्धी टाकी घेऊन येऊ लागला, तेव्हा शिकवणी कामाला आली. गंमत अशी की एमआयडीसीचे, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचे, बारवी धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याचे पाणी ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. बदलापूरची मुख्य भिस्त मात्र उल्हास नदीवरच्या बॅरेजवर (बंधाऱ्यावर) आणि राज्याच्या जीवन प्राधिकरणाच्या पाणीयोजनेवर.

गाडीविषयी अधिक सांगायला हवे, कारण घराची खरी किंमत तिथे चुकवावी लागते. मुंबईचे सीएसएमटी स्थानक इथून ६८ किलोमीटर दूर आहे. कल्याणपासून पुढे कर्जतकडे दोनच रूळ, आणि पुण्याकडे व दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही तेच रूळ. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचा समावेश असलेल्या प्रकल्पाला २०१९ साली मंजुरी मिळाली, म्हणजे वस्ती वाढू लागून पाव शतक उलटल्यावर. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत निदान जागा मिळत असेल असा नव्या माणसाचा समज असतो. प्रत्यक्षात ती गाडी कल्याणकडून फलाटाला लागते तेव्हाच अंबरनाथची मंडळी उलटा प्रवास करून आत बसलेली असतात आणि खिडक्यांवर रुमाल पडलेले असतात. त्यावरून रोज भांडणे होतात. मीही भांडलो आहे, आणि तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर ठेवून समझोताही केला आहे. दारापासून दारापर्यंत माझे दिवसाला चार तास जात. वर्षाचे २८० दिवस आणि २४ वर्षांची नोकरी धरली तर हे रात्रंदिवस मोजून तीन वर्षांहून अधिक भरतात. स्वस्त घराच्या हिशेबात ही तीन वर्षे कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नसतात.

आता नदी. २६ जुलै २००५ ला उल्हासच्या पुराने पश्चिमेकडील वस्तीत काय केले हे सर्वांना ठाऊक होते, तरीही पुढच्या काही वर्षांत नदीकाठच्या एका प्रकल्पाची फाइल माझ्या टेबलावर आली. नकाशात नदी दाखवलेलीच नव्हती. मी जागेवर गेलो, तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या गोठ्याच्या भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. ती माझ्या छातीच्या वर होती. मी परत येऊन शेरा लिहिला, वरिष्ठांनी विचारले की परवानगी आहे ना, कागद पूर्ण आहेत ना; दोन्ही होते, आणि शेवटी सही मीच केली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते चित्र देशाने पाहिले. त्याच दिवशी त्या इमारतीच्या वाहनतळात गाड्या तरंगत होत्या. कर्जदारांपैकी दोघे मला अजून भाजी बाजारात भेटतात आणि नमस्कार करतात.

तेव्हा माझे उत्तर असे : घ्या, मीही इथून हललेलो नाही आणि चंदेरीचा डोंगर दिसतो त्या खिडकीत बसूनच हे लिहितो आहे. मात्र पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्या संदर्भात इमारत कुठे पडते, ते विकासकाला न विचारता नकाशावर पाहा. प्रकल्प महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या नियामकाच्या, संकेतस्थळावर तपासा आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय बयाणा देऊ नका. मे महिन्यात किती टँकर लागतात हे रखवालदाराला विचारा. विक्री कार्यालयातला मुलगा ते सांगणार नाही. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो माहितीपत्रकात असेलच, पण तिच्यासाठी आज एक रुपयाही जास्त मोजू नका. ती धावेल तेव्हा तिचा आनंद घ्यावा.

आणि फ्लॅट मुलासाठी आहे, तर मुलालाच आणा, तेही रविवारी नको. जुलैतल्या एखाद्या सोमवारी सात वाजता त्याला फलाटावर उभे करा, सीएसएमटीपर्यंत जाऊन संध्याकाळी परत येऊ द्या. घराचे कागद तोपर्यंत माझ्याकडे पाठवा. पूररेषेचा नकाशा सगळ्यात वर ठेवा.