आज पावसात एकट्यानं रांगणा

भटवाडीतून चिक्केवाडीमार्गे कोल्हापूर जिल्ह्यातल्या रांगणा किल्ल्याला जाताना पावसाळ्यात खरी परीक्षा चढाची नसते, ओढ्यांची असते. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वरच्या रानात सर कोसळली की बघता बघता मांडीला लागतं. एकट्यानं गुडघ्याच्या वरचं वाहतं पाणी ओलांडूच नये. पाणी गढूळ होऊन काटक्या वाहायला लागल्या की सरळ माघारी फिरावं, गड कुठं पळून जात नाही. गुडघ्याहून कमी पाण्यातही सॅकचा कमरपट्टा सोडायचा, म्हणजे पाय निसटला तर सॅक टाकता येते. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवायची. शेवाळलेल्या जांभ्या दगडावर भारी बूटही घसरतो. जळवांसाठी तंबाखू-मिठाची पुरचुंडी. आणि परतायची वेळ भटवाडीत कुणाला तरी सांगूनच निघा.